कोकॅनीसाठी रॉड घेताय? आधी तो वाकवून बघा

कोकॅनी या तलावातल्या माशासाठी कुठला रॉड घेऊ, रील कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, सध्या घरात काय पडलंय? आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, बास माशासाठीचा रॉड आहे, ग्रॅफाइटचा, चांगला कडक, महागातला. इथेच गोची आहे. बाससाठी जो रॉड भारी, तो कोकॅनीसाठी जवळजवळ सगळ्याच बाबतीत उलटा, आणि महागातला असेल तर बहुतेक वेळा जास्तच उलटा. या माशासाठी रॉडची ताकद बघायचीच नसते, तो किती सहज आणि किती खालपर्यंत वाकतो ते बघायचं. रीलच्या खोक्यावर किती किलोचा ड्रॅग, म्हणजे दोरा सोडणारा ब्रेक, लिहिलाय ते सोडा, अर्ध्या किलोवर तो न अडखळता सुटतो का ते बघा. असं का, हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात कुणी काही गळ्यात मारू शकत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मासा समजून घेऊ. कोकॅनी म्हणजे सॉकाय सामनच, एकच जात, फक्त हा समुद्रात जातच नाही, जन्म तलावात आणि वाढ पण तलावातच. समुद्रातलं खाणं मिळत नाही म्हणून आकार लहान, बहुतेक ठिकाणी दहा ते सोळा-सतरा इंच, आणि तीन-चार वर्षांचा झाला की लालभडक होऊन ओढ्यात अंडी घालायला जातो आणि मरतो. मोठा होऊच शकत नाही असं नाही, ओरेगनच्या वॉलोवा लेकमध्ये २०१० साली जवळपास ४.४ किलोचा निघाला होता, तो जागतिक विक्रम, पण त्याच्या आशेवर कुणी रॉड घेत नाही. मूळचा हा उत्तर पॅसिफिकच्या काठाकाठाचा, ब्रिटिश कोलंबियात ओकानागन, कूटनी या तलावांत आधीपासूनच होता. अमेरिकेच्या पश्चिमेत मात्र शेकडो मैल आत माणसांनी नेऊन सोडलाय, कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक ताहोमध्ये १९४४ साली सोडला तो आजही आहे. आम्ही कॅलिफोर्नियात फॉल्समच्या बाजूला राहणारे लोक, आयटीतली आपली मंडळी इकडे भरपूर, तर आमच्या टप्प्यातले तलाव म्हणजे स्टॅम्पीड, बुलार्ड्स बार, न्यू मेलोनिज, डॉन पेद्रो, जरा वर रेडिंगकडे गेलात तर व्हिस्कीटाउन. युटा-वायोमिंगच्या सीमेवरचं फ्लेमिंग गॉर्ज आणि वॉशिंग्टनचं लेक शेलॅन ही पण यासाठी प्रसिद्ध ठिकाणं.

आता महत्त्वाचं म्हणजे हा खातो काय. दुसरे मासे नाही खात. पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मुख्यतः डॅफ्निया, ते कल्ल्यातल्या बारीक चाळणीने गाळून खातो. हे खाणं गेलं की मासा संपला, याचं मोठं उदाहरण मोंटानातलं फ्लॅटहेड लेक. तिथे १९१६ मध्ये कोकॅनी सोडले होते, पुढे कित्येक वर्षं मजेत होते. मग १९६८ पासून वरच्या बाजूच्या तलावांत मायसिस नावाची बारकी कोळंबी सोडली, हेतू काय तर माशांना खायला मिळेल. ती वाहत वाहत १९८१ पर्यंत फ्लॅटहेडमध्ये पोचली, दिवसा तळाशी लपून बसायची आणि रात्री वर येऊन कोकॅनीचंच खाणं खायची, म्हणजे तिला खायचं म्हटलं तरी उजेडात ती हाताला लागेना. दहा वर्षांच्या आत तिथला कोकॅनी जवळपास नाहीसा झाला. असो, विषय भरकटला, पण सांगायचं हे की ज्याचं आख्खं आयुष्य पाणी गाळण्यात जातं त्याला जबरदस्त जबड्याची गरजच पडत नाही. त्याचं तोंड इतकं नाजूक असतं की गरी बसते तिथलं कातडं ओढ पडली की फाटत जातं. दुधावरची साय काट्याने उचलायचा प्रयत्न करून बघा, सावकाश उचललीत तर येते, जरा हिसका बसला की काटा आरपार, इथे तसंच.

मग तो गळाला लागतो तरी कशाला, भूक तर प्लँक्टनची. बहुतेक जुनी मंडळी म्हणतात चिडून. गुलाबी, नारिंगी, भडक हिरवं असं काहीतरी चमकत, फडफडत समोरून गेलं की हा त्याच्यावर धावून जातो. म्हणून इथे सगळा खेळ ट्रोलिंगचा, बोट ताशी सव्वा मैलाच्या आसपास सावकाश चालवायची, मागे डॉजर म्हणजे चार ते सहा इंचाची चकचकीत वाकवलेली पट्टी, तिच्या मागे वीतभर दोऱ्यावर छोटा हूची म्हणजे रबरी झालरीचं खोटं आमिष, किंवा फिरत्या पात्याचा स्पिनर, आणि गरीवर पांढऱ्या मक्याचा एक दाणा. हो, मका. डब्यातला शूपेग कॉर्न, त्याला ट्यूनाचा नाहीतर लसणाचा वास लावून, रंगवून. एकेकाच्या बोटीत मक्याच्या इतक्या बाटल्या असतात की मासे पकडायला आलाय की चाट विकायला, कळत नाही.

आता रॉडकडे. कोकॅनी गळाला लागला की दोन प्रकारे सुटतो आणि दोन्हींचं मूळ एकच. एक, ओढ अचानक वाढली आणि तोंड फाटलं. दोन, तोंडात भोक मोठं झालंय आणि दोरा क्षणभर ढिला पडला, गरी आपोआप गळून पडली. हा मासा आकाराच्या मानाने भयंकर नाचतो, पाण्याबाहेर उडी मारतो, स्वतःभोवती गरगर फिरतो, मधेच बोटीच्याच दिशेने सुसाट येतो, म्हणजे एका सेकंदात ओढ वाढते आणि पुढच्या सेकंदात दोरा लोंबतो. आपल्याला हवंय असं काहीतरी जे ही ओढ जास्त वाढू पण देणार नाही आणि शून्यावर येऊ पण देणार नाही. ते काम रॉडचं.

रॉड म्हणजे एक स्प्रिंग आहे, एवढं धरून चला. समजा मासा एक फूट पुढे झेपावला. कडक रॉड तेवढा एक फूट द्यायला तयार नसतो, त्यामुळे दोऱ्यावरची ओढ धाडकन वाढते, समजा अर्ध्या किलोने वाढली. मऊ रॉडचं टोक तोच एक फूट सहज पुढे जातं आणि ओढ वाढते फार तर शंभर ग्रॅमने. उलट मासा एक फूट तुमच्याकडे आला तर कडक रॉड दोन-चार इंचात सरळ होऊन जातो, मग पुढे द्यायला काही उरत नाही आणि दोरा ढिला. मऊ रॉड आधीच दोन-अडीच फूट वाकलेला असतो, तो एक फूट मागे आला तरी अजून वाकलेलाच आहे, ओढ कायम. म्हणून नुसतं टोक मऊ असून भागत नाही, मधला भाग आणि जवळपास मुठीपर्यंत वाकला पाहिजे, कारण द्यायला-घ्यायला अंतर तिथून मिळतं.

हे वाकणं कुठून सुरू होतं त्याला अ‍ॅक्शन म्हणतात, आणि वाकवायला किती जोर लागतो त्याला पॉवर, या दोन गोष्टींची लोक सतत गल्लत करतात. फास्ट अ‍ॅक्शन म्हणजे फक्त वरचं टोक वाकतं, स्लो किंवा मॉडरेट म्हणजे अर्ध्याच्याही खालून वाकतो. पॉवर म्हणजे अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम वगैरे. आता अल्ट्रालाइट पण फास्ट असा रॉड असतो, ट्राउटसाठी काठावरून फेकायला मस्त, पण कोकॅनी ट्रोलिंगला नाही. आपल्याला हवा लाइट किंवा अल्ट्रालाइट पॉवर आणि मॉडरेट किंवा स्लो अ‍ॅक्शन. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात दोऱ्याचं रेटिंग छापलेलं असतं, ते ४ ते ८ पाउंड, ४ ते १०, ६ ते १२ पाउंड असं काहीतरी असलं तर बरोबर गल्लीत आलात. त्याच्या शेजारी लूरचं, म्हणजे खोट्या आमिषाचं, वजन लिहिलेलं असतं, ते फेकणाऱ्यांसाठी, ट्रोलिंगमध्ये आपण काही फेकत नाही, त्याकडे दुर्लक्ष करा.

मटेरियलचं काय? फायबरग्लासचे रॉड १९४० च्या दशकाच्या शेवटी आले, ग्रॅफाइटचे १९७३ च्या सुमाराला, आणि तेव्हापासून दुकानदारांचा सूर एकच की ग्लास जुनं झालं, ग्रॅफाइट हलकं, संवेदनशील, आधुनिक. खरंच आहे ते. ग्रॅफाइट त्याच वजनात जास्त कडक होतं आणि झटपट सरळ होतं, म्हणूनच बासवाल्यांना आवडतं, कारण त्यांना गवतातून गरी खेचायची असते, हाडासारख्या कडक तोंडात एकच जाड गरी जोरात रुतवायची असते. आपल्याला यातलं काहीच करायचं नाही. ट्रोलिंगमध्ये रॉड होल्डरमध्ये असतो, तुमच्या हातात नसतो, मग संवेदनशीलता कुणाला जाणवणार? आणि गरी रुतवण्याचं काम चालती बोट स्वतःच करते, हिसका द्यायचा नाहीच. म्हणून ग्लास किंवा ग्लास-ग्रॅफाइट मिश्र, हे इथे उत्तम, आणि बरेचदा स्वस्त. अग्ली स्टिकसारखा मिश्र रॉड, त्याच्या लाइट प्रकारात, किंवा ईगल क्लॉचा तो जुना पिवळा ग्लासचा फेदरलाइट, हे सुरुवातीला झकास चालतात. खास कोकॅनी असं नाव छापलेले रॉड पण मिळतात, चांगले असतात, पण नावावर भाळू नका, त्यातले काही मला तरी जरा जास्तच ताठ वाटतात.

दुकानात तपासायचं कसं तर सोपं आहे. रॉड हातात घेऊन हवेत सपासप हलवू नका, त्याने फक्त टोक कळतं. दुकानदाराला विचारून कुणाला तरी टोक हळूच धरायला सांगा, किंवा टोक गालिच्यावर टेकवून वरून अगदी थोडा जोर द्या, आणि बाजूने बघा. वाक मुठीच्या वर वीतभर अंतरापासून सुरू होऊन टोकापर्यंत गोल झाला तर घ्या. वरचा फूट-दीड फूट वाकून बाकी सरळ राहिला तर परत ठेवा. हे करताना जोर खरंच थोडा, टोक मोडलं तर बिल तुमच्या नावावर.

पण मग जितका मऊ तितका चांगला का? नाही, आणि ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पाण्यात तुमच्या मागे डॉजर ओढला जातोय, त्याची स्वतःची ओढ असते. चार इंची डॉजर सावकाश वेगात असेल तर ती अगदी किरकोळ, पण सहा इंची डॉजर किंवा पाच-सहा पात्यांची लांबलचक माळ लावलीत आणि वेग वाढवलात तर रॉड नुसत्या त्यानेच पूर्ण वाकून बसतो, मग मासा आल्यावर वाकायला शिल्लक काय? तेव्हा आधी ठरवा तुम्ही काय ओढणार, आणि ते ओढत असताना रॉड साधारण एक चतुर्थांशच वाकलेला दिसला पाहिजे. डॉजर छोटा ठेवा आणि रॉड मऊ घ्या, हे माझं मत. मोठ्या माळा लावायच्याच असतील तर त्या थेट डाउनरिगरच्या, म्हणजे दोरा खोल नेणाऱ्या यंत्राच्या, गोळ्याला बांधतात बरेच लोक, म्हणजे चमक मिळते आणि रॉडवर भार येत नाही.

डाउनरिगरचं नाव निघालं तर तिथे काय घडतं ते जवळून बघू, कारण मऊ रॉडची खरी परीक्षा तिथे असते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की कोकॅनी खाली जातो, त्याला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी आवडतं, ते जुलै-ऑगस्टमध्ये पन्नास, सत्तर, कधी शंभर फुटांवर असतं. एवढ्या खाली हलकं लूर कसं न्यायचं, तर तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा असतो, त्याच्यावर एक चिमटा, चिमट्यात तुमचा दोरा, गोळा खाली सोडला की दोरा सोबत जातो. मग रील फिरवून दोरा इतका ताणायचा की रॉड कमानीसारखा खाली वाकेल, टोक जवळजवळ पाण्याकडे, आणि तसाच होल्डरमध्ये ठेवायचा. मासा लागला की चिमट्यातून दोरा सुटतो. आता सुटल्या क्षणी काय होतं? दोरा आधी रॉडपासून खाली चिमट्यापर्यंत आणि तिथून मागे माशापर्यंत असा कोन करून गेलेला होता, सुटल्यावर तो सरळ व्हायला बघतो आणि मधली सगळी लांबी एकदम ढिली पडते. कोकॅनी सुटून जाण्याचे सर्वात जास्त प्रकार याच एक-दोन सेकंदांत. वाकलेला मऊ रॉड उसळी मारून चार-पाच फूट वर येतो आणि तेवढा ढिलेपणा स्वतःच खाऊन टाकतो, तुम्ही डबा उघडून सँडविच खात असलात तरी. कडक रॉड मुळात तेवढा वाकवताच येत नाही, वाकवायला गेलात तर चिमट्यातून दोरा आधीच निसटतो. चिमटा पण एकदम हलका लावायचा, कारण आठ-दहा इंची मासा लागलाय आणि चिमटा सुटतच नाहीये अशी वेळ बऱ्याचदा येते, मग बिचारा अर्धा तास गोळ्यामागे फरफटत येतो आणि तुम्हाला पत्ताच नाही. मऊ रॉडचं टोक अशा वेळी बारीक बारीक थरथरतं, ते दिसतं, कडक रॉडवर ते दिसत नाही.

लांबी सात ते साडेसात फूट बहुतेकांना पुरते. कयाक किंवा छोटी बोट असेल तर त्याहून लांब नकोच, मासा जाळीत घेताना हात पोचत नाही. मोठी बोट, दोन्ही बाजूंना डाउनरिगर असतील तर साडेआठ-नऊ फुटी रॉड जास्त वाकतो, जास्त उसळतो, फायदा होतो. दोरा ज्यांतून ओवतात त्या कड्यांकडे मात्र बघा. बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणाऱ्या आडव्या रीलच्या, रॉडवर कड्या वरच्या बाजूला असतात, रॉड खूप वाकला आणि कड्या कमी असल्या की दोरा दोन कड्यांच्या मधे रॉडला घासतो. सात फुटी रॉडला आठ-नऊ कड्या असाव्यात. मुठीचं टोक होल्डरमध्ये नीट बसेल इतकं लांब हवं, एवढं बघितलं की रॉडचा विषय संपला.

रीलमध्ये दोन पक्ष. स्पिनिंग रील म्हणजे उघडं, रॉडच्या खाली लटकणारं, ते बहुतेकांकडे असतंच आणि त्यावर कोकॅनी पकडता येतोच, पण त्यात एक खोट आहे. मासा ओढतोय, ड्रॅग सुटतोय आणि तुम्ही घाबरून हँडल फिरवत राहिलात, तर दोरा आत येत नाही, नुसता पीळ बसतो, हँडलच्या एका फेऱ्याला पाच-सहा पीळ. सकाळच्या दोन-तीन माशांनंतर दोऱ्याच्या जिलब्या. आडवं स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, असलेल्या छोट्या बेटकास्टरमध्ये हे होत नाही, शिवाय डाउनरिगर खाली सोडताना अंगठा स्पूलवर ठेवून दोरा हळूहळू देता येतो. म्हणून ट्रोलिंगला छोटं लो-प्रोफाइल बेटकास्टर, आणि जमत असेल तर लाइन काउंटर असलेलं.

लाइन काउंटर म्हणजे किती फूट दोरा बाहेर गेला ते आकड्यात दाखवणारं छोटं यंत्र रीलवरच. चैनीची गोष्ट वाटते, पण नाही. एका रॉडला मासा लागला तो दोरा गोळ्याच्या मागे ४५ फूट असताना, तर दुसरा रॉड पण ४५ ला लावायला तुम्हाला आकडा माहीत हवा. गोळा वर असेल तर बोटीच्या आवाजापासून लांब म्हणून मागे साठ-शंभर फूट सोडतात, गोळा खोल गेला की पंधरा-तीस फूट पुरतात, हे सगळं अंदाजाने करायचं म्हणजे दर वेळी नवीन अंदाज. ओकुमाचं कोल्ड वॉटर लो-प्रोफाइल या कामाला बरंच वापरलं जातं, इतरही आहेत. मोठी, गोल, समुद्री सामनची लाइन काउंटर रील मात्र घेऊ नका, एवढ्या नाजूक रॉडवर ती बसवली की सगळा तोल मुठीकडे आणि मासा जाणवतच नाही.

आता ड्रॅग, म्हणजे ठराविक ओढीपलीकडे दोरा आपोआप सुटू देणारा ब्रेक. खोक्यावर दहा-बारा पाउंड लिहिलेलं असतं, आपल्याला एक पाउंड हवा, म्हणजे अर्धा किलो. पण खरा प्रश्न किती हा नाहीच, सुरुवात कशी होते हा आहे. स्वस्त रीलमध्ये ड्रॅग आधी चिकटून बसतो, ओढ वाढत वाढत जाते आणि मग झटक्यात सुटतो, तो झटका थेट माशाच्या ओठावर. घरच्या घरी तपासायचं असेल तर अर्धा लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या, दोरा सगळ्या कड्यांतून ओवून तिला बांधा, गॅलरीत किंवा जिन्यात उभं राहून रॉड आडवा धरा आणि ड्रॅग हळूहळू ढिला करत जा. बाटली सरकत, एकसारख्या वेगाने खाली गेली पाहिजे. टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत, गचके खात गेली तर ते रील कोकॅनीसाठी बाद, बाकी कितीही चकचकीत असू दे. आणि बाटली जिथे नुकती सुटायला लागते तिथेच ड्रॅग ठेवा, तेच तुमचं सेटिंग. घरी गेल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवायचा म्हणजे आतल्या चकत्या दबून चिकटत नाहीत.

गिअर रेशो म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूल किती वेळा फिरतं. ५ ते ६.५ च्या मधलं घ्या. सात-आठवालं रील घेतलं की हात आपोआप जोरात ओढतो आणि अगदी चारवालं घेतलं तर मासा बोटीकडे धावला की तुम्ही मागे पडता.

दोरा. ब्रेड म्हणजे विणलेला दोरा, तो अजिबात ताणला जात नाही, नायलॉनचा मोनो ताणला जातो, आणि बाहेर शंभर फूट दोरा असेल तर तो ताण म्हणजे फुकटात मिळालेली दुसरी स्प्रिंग. नवीन माणसाने सरळ ८ किंवा १० पाउंडी मोनो भरावा आणि विसरून जावं. ब्रेडवाले म्हणतील की बारीक असतो, पाण्यात कमी ओढला जातो, काउंटर जास्त अचूक दाखवतो, सगळं बरोबर आहे, पण मग रॉड अजून मऊ लागतो आणि पुढे पंधरा-वीस फूट तरी मोनो जोडावा लागतो, कारण डाउनरिगरच्या चिमट्यात ब्रेड घसरतो. डॉजर ते लूर हा तुकडा मात्र जरा जाड, ८ ते १२ पाउंडी फ्लुओरोकार्बन, कारण हूचीला स्वतःची हालचाल नसते, डॉजर डावी-उजवीकडे झुलतो तो धक्का पुढे पोचायला दोरा जरा ताठ लागतो. हा तुकडा डॉजरच्या लांबीच्या दोन ते तीन पट. मासे येऊन नुसते हुंगून जातायत असं वाटलं तर आधी हा तुकडा इंच-दोन इंच आखूड करून बघा, लूरचा रंग मग बदला.

एक रबरी नळीसारखी वस्तू मिळते, स्नबर, डॉजरच्या पुढे किंवा मागे लावतात, झटका पचवायला. लोकांची यावर भांडणं होतात. माझ्या मते रॉड कडक असेल आणि बदलायचा नसेल तर जरूर लावा, दोन-तीन डॉलरमध्ये बरेच मासे वाचतील. रॉड बरोबर असेल तर गरज नाही, शिवाय लूरच्या जवळ लावलात तर डॉजरचा झुलवा ती खाऊन टाकते.

वर जे सगळं सांगितलं ते ट्रोलिंगचं. जिगिंग, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी मासे एका जागी गोळा होतात तेव्हा बोट थांबवून शिशाचा तुकडा उभा खाली-वर नाचवायचा, तिथे गणित फिरतं. तिथे रॉड हातात असतो, टोकावरची टकटक जाणवली पाहिजे, मासा बहुतेक वेळा जिग खाली पडत असतानाच तोंडात घेतो. तिथे साडेसहा-सात फुटी लाइट ग्रॅफाइट, थोडा फास्ट, स्पिनिंग रील आणि पातळ ब्रेड, म्हणजे तुमचा जुना ट्राउटचा सेट कपाटातून बाहेर काढा, नवीन खरेदी नको. मार्च-एप्रिलमध्ये मासे अगदी वर असतात तेव्हा डाउनरिगरही लागत नाही, हाच मऊ ट्रोलिंग रॉड, मागे दीडशे फूट दोरा, काम भागतं.

पैशांचं म्हणाल तर रॉड आणि लाइन काउंटर रील मिळून दोनशे डॉलरच्या आत नीट बसतं. पैसे कमी असतील तर रॉड स्वस्त घ्या आणि रीलवर खर्च करा, कारण स्वस्त ग्लास रॉड पण वाकतोच पण स्वस्त ड्रॅग गचके देतोच. महागडा रॉड आणि पडेल ते रील, हा सगळ्यात वाईट व्यवहार.

मासा लागल्यावर बोट थांबवू नका, थांबवली की दोरा ढिला. रॉड होल्डरमधून हळूच काढा, हिसका न देता, आणि एकसारखं फिरवत राहा. रॉड वर-खाली पंप करायचा नाही, खाली नेताना ढिलेपणा येतोच. मासा बोटीजवळ आल्यावर डोकं पाण्याबाहेर उचललंत की तो गरगर फिरायला लागतो, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत पाण्यातच ठेवा, रॉड मागे-वर न्या आणि लांब दांड्याच्या जाळीने खालून एकदाच उचला. दोऱ्याला धरून बोटीत घेण्याचा विचारही नको. आत आला की लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात टाका, याचं मांस लालसर, तेलकट आणि मऊ असतं, उन्हात अर्धा तास राहिला की पार भुगा होतो. नीट ठेवला तर मात्र तिखट-हळद-मीठ आणि वरून रवा लावून तळायला एक नंबर, काटे पण काढायला सोपे.

आणि घेणारच असाल तर दोन सेट एकदम, अगदी तंतोतंत सारखे घ्या, तोच रॉड, तेच रील, तोच दोरा. एकावर मासा लागला की दुसऱ्यावर तसंच्या तसं करता येतं, आणि दोन्ही रॉड शेजारी शेजारी सारखेच वाकलेले असले की एकाच्या लूरला शेवाळ किंवा काडी अडकलीय हे नुसत्या वाकावरून दिसतं. कॅलिफोर्नियात एका माणसाने तलावात दोन रॉड लावायचे तर लायसन्सवर सेकंड रॉड व्हॅलिडेशन वेगळं घ्यावं लागतं, वॉशिंग्टनमध्ये पण तसंच टू-पोल एंडोर्समेंट असतं, ते निघायच्या आधीच ऑनलाइन काढून ठेवा.